प्रिन्सिपल जर्मन, मटीरियल लोकल

आमचे शेजारी वेंकोबराव शिंदे रोज सकाळी उलटे चालतात. उलटे म्हणजे डोक्यावर नव्हे. पाठ पुढे आणि तोंड मागे. निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, आणि हे गृहस्थ बसवनगुडीतल्या आमच्या रस्त्याने पाठमोरे झपझप येत असतात. फुलवाली टोपली आत ओढून घेते, दूधवाला स्कूटर थांबवतो, आणि जी गाय बसलासुद्धा जागा देत नाही ती उठून बाजूला होते. रिक्षावाला नवीन असेल तर ओरडतो, "अण्णा, मुंदे नोडी!" म्हणजे पुढे बघा. जुना असेल तर मुकाट्याने वळसा घालतो.

मी नागपूरहून नोकरीसाठी इथे आले तेव्हा मला वाटलं, नवस असेल. आमच्या भागात देवळं पुष्कळ, त्यामुळे नवसही पुष्कळ. काही दिवसांनी धीर करून विचारलं. माझ्याकडे बघत बघत माझ्यापासून लांब जाताना ते म्हणाले, "नवस नाही अम्मा, गुडघा! पुढं चालून झिजला तो मागं चालून भरून येतो. पूर्व जर्मनीत शिकवलाय आमाला!" शेवटचा शब्द माझ्यापर्यंत पोचेस्तोवर ते कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला वळसा घालून दिसेनासे झाले होते. तो खांब त्यांना पाठीने कसा दिसतो, हे मला अजून कळलेलं नाही.

इथे 'अम्मा' म्हणजे कुठलीही बाई, मग ती त्यांच्या मुलीच्या वयाची का असेना. मी त्यांना 'अण्णा' म्हणायला लागले. सगळा रस्ता त्यांना 'कोच अण्णा' म्हणतो. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बंगळुरातच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडीचा मुक्काम कायमचा. वाक्य मराठीत सुरू होतं, 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, अशा दोन थांब्यांवर थांबतं आणि शेवटी इंग्रजीत उतरतं.

अण्णांनी उभी हयात एका सरकारी कारखान्याच्या क्रीडा विभागात धावपटू घडवण्यात घालवली. तरुणपणी कारखान्याने त्यांना पूर्व जर्मनीला शिकायला पाठवलं. ते शिकून आले आणि काही वर्षांत तो देशच नकाशावरून गेला. "दुसऱ्यांचं कॉलेज बंद पडतं," अण्णा सांगतात, "आमचं राष्ट्रच बंद पडलं. आता डाऊट आला तर कुणाला विचारायचा?" विचारायला कोणी उरलं नाही म्हणून त्यांनी त्या शास्त्राची बंगळुरी आवृत्ती स्वतःच काढली. तिचं सूत्र एकच. "प्रिन्सिपल जर्मन, मटीरियल लोकल."

तिकडचे धावपटू बर्फात पळून पोटऱ्या कमावतात. बंगळुरात बर्फ कुठला? पण बांधकामं हवी तेवढी. अण्णा आपल्या पोरांना रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगांवर पळवत. कंत्राटदार येऊन बघतो तर कालचा डोंगर आज मैदान झालेला. तिकडे ताकदीसाठी जड चेंडू उचलतात. इथे कार्तिकात शेंगदाण्यांची जत्रा भरते, तर अण्णांचे धावपटू लॉरीतून भुईमुगाची पोती उतरवून द्यायचे, तीही फुकट. व्यापारी अण्णांना हमालांचा मुकादम समजायचे आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणून आग्रह करायचे.

व्यायाम झाल्यावर पाय बर्फात बुडवावेत, असंही शास्त्र आहे. अण्णांनी शिवाजीनगरच्या मासळीवाल्याकडून बर्फाचं एक पिंप मिळवलं. पाय मोकळे झाले, त्याबद्दल वाद नाही. पण त्या वेळचा त्यांचा सगळ्यांत वेगवान पोरगा निघाला सोवळ्यातल्या घरचा. त्याच्या आईने त्याला कित्येक दिवस अंगणात पान वाढलं, आणि अण्णांना तर फाटकाच्या आत घेतलंच नाही.

त्यांची खरी करामत म्हणजे हिवाळा. तिकडच्या वेळापत्रकात हिवाळा विश्रांतीचा. स्पर्धा नाहीत, जोर नाही, शरीर शेतासारखं पडीक ठेवायचं. बंगळुरात लोक स्वेटर घालतात, पण ती हौस झाली, हिवाळा नव्हे. अण्णांनी पंचांग उघडलं आणि ठरवून टाकलं की आषाढ हाच आपला हिवाळा. पाऊस भुरभुरतो, शुभकार्यं बंद असतात, कापडदुकानदारसुद्धा माल पडेल भावात काढतात. म्हणजे सगळी सृष्टीच ऑफ-सीझनला असते. त्यांचे धावपटू वर्षभर पळायचे आणि आषाढात घरी झोपायचे.

या शोधाचा एक परिणाम मात्र त्यांच्या ध्यानात उशिरा आला. घरात लग्नाचा विषय निघाला की अण्णा म्हणायचे, सीझनमध्ये बेड, म्हणजे नको, ऑफ-सीझनला बघू. ऑफ-सीझन म्हणजे आषाढ, आणि आषाढात मुहूर्त नाही. मुली सांगून येत राहिल्या, एका वर्षीच्या मुली पुढच्या वर्षी दुसरीकडे नांदायला जात राहिल्या, आणि अण्णांचा सीझन चालूच राहिला.

"मग कळलं कधी तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"कळलं तवा," ते म्हणाले, "पोरींच्या आया मला काका म्हणायला लागल्या होत्या की."

आम्ही दोघंही खूप हसलो. हसून झाल्यावर अण्णा शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत बसले. मी कॉफीचे पेले उचलून आत गेले.

मी इथे आले तोवर त्यांच्याकडे शिकायला येणारं कोणी उरलं नव्हतं. मैदानाला कुंपण झालं होतं, आत नवे कोच होते. आताच्या पोरांच्या मनगटावर घड्याळं असतात, आणि किती पळायचं, किती झोपायचं, ते घड्याळच सांगतं. अण्णा तरीही रोज सकाळी शिट्टी अडकवून तयार. वाजवायची कुणासाठी, हा प्रश्न त्यांना विचारायची हिंमत रस्त्यात कोणाला नव्हती.

अशात माझी आई आली. आली म्हणजे मी आणली. नागपूरला ती एकटी राहते, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. प्राथमिक शाळेत मास्तरीण होती, त्यामुळे ऐकणं ही क्रिया दुसऱ्यांनी करायची असते असा तिचा समज. मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता चालवा, नाहीतर अंथरूण धरतील. मी तिला बंगळुरात माझ्या तळमजल्यावरच्या घरी आणलं आणि आमचं ठरलं की दोन मजले एकटीने चढता-उतरता आले की मी तिला नागपूरला जाऊ देईन.

आईने त्यावर अंथरूण धरलं. घरी व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओ येत असे. चांगला मुलगा होता बिचारा, पण त्याला मराठी येत नव्हतं आणि आईला त्याचं हिंदी पटत नव्हतं. "एक, दो, तीन म्हणते नि मोबाइल पाहते," आई म्हणाली. "मी काय बालवाडीत आहो का?" चार दिवसांत त्याचं येणं थांबलं. वॉकर कोपऱ्यात गेला आणि मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालायला लागले. माझं ऑफिस हेब्बाळला, म्हणजे म्हणायला याच शहरात, पण तेवढ्या वेळात माणूस नागपूरहून वर्ध्याला जाऊन येईल. संध्याकाळी परत यावं तर आई सकाळी होती त्याच कुशीवर. तिचा आवाजसुद्धा बारीक झाला होता. मला खरोखर भीती वाटायला लागली होती की ही आता उठणारच नाही.

एका रविवारी अण्णा उडुपी हॉटेलातून इडल्या घेऊन समोरच्या दारातून आमच्या दारात आले. आईकडे जरा वेळ नुसतं बघत राहिले. दुखतंय कुठे, झोप लागते का, असलं काही विचारलं नाही.

"ताई, तुमचा इव्हेंट कुठला?" त्यांनी विचारलं.

आई भिंतीकडून वळली. "काय म्हणून राहिले हे?"

"इव्हेंट. हंड्रेड मीटर, गोळाफेक, लांब उडी. इव्हेंट ठरल्याशिवाय ट्रेनिंग नाही. तुमाला कुठं जिंकायचंय?"

आईने कोपऱ्यातल्या वॉकरकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या घरचा जिना."

"सरी," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "मंजे स्टीपलचेस, अडथळ्यांची शर्यत."

आणि आई हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी दारातच शिट्टी फुंकली. आईच्या घोट्यांना बांधायला वजनं हवीत म्हणून त्यांनी जुन्या धोतरात नाचणी भरून पिशव्या शिवून आणल्या होत्या. आईने टाके पाहिले आणि म्हणाली, "हे शिवलं का उंदरानं कुरतडलं, बाप्पा?" आणि बसल्या बसल्या उसवून पुन्हा शिवल्या. तो पहिला व्यायाम. पोळ्या ओट्याशी उभ्याने लाटायच्या, हा दुसरा. मग हळूहळू दार, फाटक, रस्ता.

रस्त्यावर ती दोघं निघाली की बघण्यासारखं असे. आई नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, खाली पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज, हातात वॉकर. समोर तिच्याकडे तोंड करून उलटे चालणारे अण्णा. "निधान, निधान," म्हणजे सावकाश, असं म्हणत ते मागे सरकायचे आणि आई त्यांच्या रोखाने पाऊल टाकायची. "पायाकडं बघू नका ताई, माझ्याकडं बघा. पाय खोटं सांगतात, तोंड खरं सांगतं." त्यांना आईच्या चेहऱ्यावरून कळायचं की आता दुखतंय, आता दमली, आता नुसती नाटकं करते आहे. तिसऱ्या प्रकारात ते शिट्टी वाजवायचे.

स्वीडनमध्ये म्हणे जोरात, हळू, जोरात, हळू असं आलटून पालटून पळायची रीत आहे. अण्णांनी तिचं लोकल मटीरियल शोधलं ते भाजीची गाडी. गाडीपर्यंत भरभर चालायचं, तिथे भाव करायचा, ती विश्रांती, मग पुन्हा भरभर. आई वऱ्हाडीत भाव करायची, भाजीवाली कानडीत नाही म्हणायची, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघी रंगात यायच्या. सुरुवातीला एका दोडक्यावर आई बराच वेळ दम खायची. पुढे पुढे अंगात जोर आला तशी ती सांगेल त्या भावाला भाजी उचलून पुढे निघायला लागली. भाजीवालीला हा मोठा विजय वाटला. अण्णांनाही.

वॉकर गेला, काठी आली, मग काठीही दाराशीच राहायला लागली. आईचा आवाज परत आला. ती फुलवालीला "अक्का" म्हणायला लागली, अण्णांना "कोचसाहेब". सकाळच्या सरावानंतर अण्णा आमच्याकडे कॉफी प्यायचे आणि पूर्व जर्मनीतल्या थंडीच्या गोष्टी सांगायचे. आई त्यांना नागपूरच्या उन्हाच्या गोष्टी सांगायची. दोघांपैकी कोणीही हार मानायचं नाही.

आता जिन्याची वेळ आली, असं मला वाटायला लागलं. अण्णांना वाटेना. "अजून स्वल्प थांबू. पीक आला नाही," ते म्हणायचे. पीक म्हणजे खेळाडूची ताकद सगळ्यांत वर पोचते तो क्षण. आज म्हणायचे पोटरी कच्ची आहे, उद्या म्हणायचे श्वास कच्चा आहे. आई आमच्या इमारतीच्या गच्चीपर्यंत पापड वाळत घालायला जाऊन यायची, ते मी स्वतः पाहिलं होतं. तरी अण्णा म्हणायचे, पापड वेगळे, स्पर्धा वेगळी. आई मात्र रोज फोनवर नागपूरच्या शेजारणीला विचारायची, "माझी तुळस आहे का गेली?"

एका संध्याकाळी मी समोरचं दार वाजवलं.

"अण्णा, आई चालते आहे. चढते आहे. तिला तिच्या घरी जायचंय. तुम्ही तिला थांबवून ठेवताय का?"

मला वाटलं चिडतील. ते दारात उभे राहिले. त्यांच्या मागे खोलीत एकच खुर्ची होती आणि भिंतीवर धावपटूंचे जुने फोटो, सगळे पाठमोरे, पळत लांब जाताना काढलेले.

"हौदू अम्मा," ते म्हणाले. "खरं आहे. ताई केव्हाच तयार झाल्यात." मग फोटोंकडे वळून म्हणाले, "एवढी पोरं तयार केली. तयार झाला की जातो. तसंच असायला पायजे. नाही गेला तर कोच फेल. हे सगळ्यांना मीच सांगत आलो. पण वय झालं की चांगला ॲथलीट हातातून सोडवत नाही. त्याचं ट्रेनिंग जर्मनीत पण देत नाहीत."

"उद्या सकाळी पायऱ्या," ते म्हणाले आणि दार हळूच लावून घेतलं.

सकाळी आम्ही तिघं नंदीच्या देवळाच्या टेकडीकडे गेलो. अण्णा आज उलटे चालले नाहीत. पायथ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "जावा." आई कठड्याला हात न लावता चढत गेली. मध्ये एकदा थांबली. मी पुढे होणार तोच अण्णांनी माझं मनगट धरलं. आईने पदर खोचला आणि पुन्हा चढली. वर पोचून वळली, तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा शाळेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा.

"झालं का कोचसाहेब?" ती वरून ओरडली.

"आता उतरा!" अण्णा खालून ओरडले. "घर चढून संपत नाही ताई, रोज उतरायचं पण असतं!"

ती उतरलीसुद्धा. अण्णांनी नाक शिंकरून रुमाल खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "तिकीट काढा."

विमानतळावर ते आमच्याबरोबर आले. तिथल्या मुलीने आईसाठी चाकाची खुर्ची आणली तेव्हा अण्णांना अपमान वाटला. "माझी ॲथलीट आहे ती. चालत जाईल." आणि मग तिथेच, सगळ्या सामानाच्या आणि माणसांच्या गर्दीत, ते गुडघा टेकून खाली बसले आणि आईच्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा नीट बांधायला लागले.

"अहो उठा! काय करून राहिले? लोक पाहून राहिले ना!" आई लाजेने लाल झाली होती.

"पाहू देत. स्पर्धेला जाताना नाडी कोचनंच बांधायची," अण्णा खालूनच म्हणाले. त्यांना उठायला वेळ लागला. आईने हात पुढे केला आणि त्यांनी तो धरून आपला तोल सावरला. मग ती आत गेली, ताठ, एकदाही न थांबता.

संध्याकाळी आईचा फोन आला. मामेभाऊ बॅग घेऊन मागे होता, पण जिना तिने एकटीने चढला. हे सांगताना ती रडत होती, मीही रडले. समोर जाऊन अण्णांना सांगितलं. ते "सरी, सरी" म्हणाले आणि दिवा लावायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला बेल वाजली. दारात अण्णा. ट्रॅकसूट इस्त्रीचा, केस पाण्याने बसवलेले.

"अण्णा, आई गेली ना काल," मी चाचरत म्हणाले. मला वाटलं, सवयीने आले असतील.

"माहीत आहे की." ते पायपुसण्याकडे बघत होते. "जर्मनीत एक शिकवलं होतं. पुष्कळ वर्षं पळालेला ॲथलीट रिटायर झाला, तर त्याला एकदम थांबवायचा नाही. रोज स्वल्प स्वल्प कमी करायचं. एकदम थांबवला तर हार्टला त्रास होतो."

"पण अण्णा, आई कुठे थांबलीय? ती आज भाजीलासुद्धा जाणार आहे."

"ताईंचं नाही सांगत, अम्मा."

मी दार पूर्ण उघडलं. ते आत आले, ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. "आज अर्धा तास बसतो," म्हणाले. "उद्या कमी. परवा अजून कमी." मी कॉफी केली. अर्ध्या तासाने ते उठून गेले.

त्यालाही आता पुष्कळ दिवस झाले. अण्णा रोज येतात आणि अर्धा तासच बसतात. मी ऑफिसला उशिरा पोचते आणि रहदारीचं नाव सांगते. परवा मात्र कॉफी अर्धी असतानाच ते उठले. "आजपासून कमी करायला पायजे," असं स्वतःशीच म्हणत दाराकडे निघाले. त्यांच्या पाठीमागे ते रिकामं स्टूल, आईची रिकामी खोली, संध्याकाळी मी येईन तेव्हा अंधारं असणारं घर.

"बसा अण्णा," मी म्हटलं. "एवढ्यात नको कमी करायला. मलाही हार्ट आहे."

ते थांबले. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी नीट बघितलं. मग परत येऊन बसले आणि पेला माझ्यापुढे केला. मी त्यात आणखी कॉफी ओतली.